हवा नसलेल्या बाटलीत साबणाचं काय होतं

कपड्याच्या पावडरीवर किंवा भांड्याच्या लिक्विडवर 'विघटनशील' असं छापलेलं असतं, ते जवळजवळ नेहमी हवेतल्या चाचणीच्या जोरावर. युरोपच्या २००४ सालच्या डिटर्जंट नियमातली कसोटी बघा: २८ दिवसांत किमान ६० टक्के विघटन, आणि तेही ऑक्सिजनच्या सान्निध्यात. आमच्या गावात मोरीचं पाणी शेवटी जिथे जाऊन मुरतं, तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच. सेप्टिक टँक, शोषखड्ड्याचा तळ, नालीतला काळा गाळ. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे, त्यांच्याकडे तर गोठा धुतलेलं पाणी सरळ टाकीतच जातं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गावातला महिलांचा बचत गट भांड्याचं लिक्विड तयार करून आठवडी बाजारात विकतो. गटाच्या अध्यक्षताई एका संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन घरी आल्या. "मॅडम, आमाले याच्यावर लिहाचं आहे, का या लिक्विडनं पान्याले काई होत नाई म्हनून. लिहू का जी?" त्यांचा कच्चा माल मला ठाऊक होता. ॲसिड स्लरी, ती उदासीन करायला कॉस्टिक, फेसासाठी एसएलईएस (सोडियम लॉरिल इथर सल्फेट), दाटपणासाठी मीठ, वर रंग आणि लिंबाचा वास. ॲसिड स्लरी म्हणजे लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनिक ॲसिड. कॉस्टिक घातलं की त्याचं एलएएस होतं. जगभरात सर्वांत जास्त खपणाऱ्या मळकाढू रसायनांपैकी ते एक. हवेत एलएएस उत्तम विघटित होतं, हे मी वर्गात शिकवत आले आहे. ताईंना तेवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्यांचं लिक्विड ज्या घरांत जातं त्या घरांच्या मोऱ्या मी पाहिलेल्या आहेत.

ऑक्सिजनशिवाय विघटन मोजण्याची पद्धत जुनी आणि चांगली घोटलेली आहे. युरोपातल्या रसायन उद्योगाच्या इसेटॉक या संस्थेनं ती १९८८ साली मांडली, १९९५ मध्ये तिचं आयएसओ ११७३४ हे मानक झालं आणि २००६ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ती ३११ क्रमांकाची चाचणी म्हणून घेतली. कल्पना सरळ आहे. मिथेन तयार करणाऱ्या गाळातले जीवाणू बंद बाटलीत ठेवायचे, त्यांच्यापुढे एकच खाद्य म्हणून तपासायचा पदार्थ ठेवायचा, तापमान ३५ अंश, अंधार, आणि मुदत साधारण ६० दिवस. पदार्थ खाल्ला गेला तर त्यातल्या कार्बनचा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि बाटलीतला दाब वाढतो. दाबावरून वायू, वायूवरून कार्बन.

शहरातल्या प्रयोगशाळा यासाठी मैलापाणी केंद्रातला पचलेला गाळ घेतात. आमच्याकडे तसं केंद्र नाही, गोबरगॅस मात्र आहे, आणि मिथेनवाले जीवाणू त्यातही तेच काम करतात. गावात एका काकाजींकडे लोखंडी तरंगत्या टोपाचा, खादी ग्रामोद्योगच्या नमुन्याचा जुना संच आहे. गोठ्यात गवळाऊ गाई. काकाजींनी घमेलंभर ताजं शेण पुढे केलं. मी म्हटलं, मला टाकीच्या आतलं पाणी हवं. "शेन न्या ना मॅडम. पन थे आतलं पानी कायले? थे त वास मारते." त्यांना सांगितलं, बाहेर पडलेल्या स्लरीला हवा लागलेली असते आणि मिथेन तयार करणाऱ्या जीवाणूंना तेवढी हवाही बाधते. मग त्यांनीच लांब बांबूला डबा बांधून खालून स्लरी काढून दिली. कॅन काठोकाठ भरले, वर हवेला जागा ठेवली नाही, आणि तसेच कॉलेजात आणले.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रयोगाची सगळी भिस्त त्यावर आहे. शेणाच्या स्लरीत न पचलेला चारा खूप असतो. त्याच्या काड्या, तंतू जीवाणूंना अनेक आठवडे पुरतात. तशीच स्लरी बाटलीत घातली तर काहीही न घालता ती वायू देत राहते, आणि त्या मोठ्या वायूतून साबणाचा थोडासा वायू वेगळा काढणं अशक्य होतं. हिशेब पाहा. ३५ अंशांना एक मिलिग्रॅम कार्बनपासून, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून, साधारण २.१ मिलिलिटर वायू होतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४०० मिलिलिटर द्रव, त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम कार्बन, म्हणजे बाटलीत एकूण ८ मिलिग्रॅम. सगळाच्या सगळा कार्बन खाल्ला गेला तरी वायू १७ मिलिलिटर. चाऱ्याचा वायू याच्या कितीतरी वर जातो.

म्हणून आधी स्लरी गाळून घेतली, बारीक जाळीतून आणि मग सुती कापडातून. ती बंद भांड्यात ३५ अंशांना उपाशी ठेवली, निघणारा वायू पाण्याखाली सोडलेल्या नळीतून बाहेर जाऊ दिला. बुडबुडे जवळजवळ थांबल्यावर गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी काढून टाकलं, ऑक्सिजन काढलेलं पाणी घातलं, पुन्हा बसू दिला. हे धुणं कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. जुन्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट शिल्लक राहिलं तर शेवटचा हिशेब बिघडतो. आमच्या एमएस्सीच्या दोन विद्यार्थिनींनी हे काम ज्या चिकाटीनं केलं, ते पाहून मला फार बरं वाटलं. शेवटी लिटरमागे एक ते तीन ग्रॅम कोरडा गाळ राहील इतपत पातळ मिश्रण करायचं असतं. आम्ही मधली पातळी धरली.

पाण्यातला ऑक्सिजन काढायला पाणी उकळलं आणि थंड होताना त्यातून नायट्रोजन सोडला. सिलिंडर बुटीबोरीहून मागवला. टायरच्या दुकानात नायट्रोजन मिळतो, पण त्यात काही टक्के ऑक्सिजन असतो, तो इथे चालत नाही. पाण्यात क्षार, किंचित सोडियम सल्फाइड आणि रेसाझुरिन नावाच्या रंगाचे थेंब घातले. हा रंग या प्रयोगाचा पहारेकरी आहे. आधी निळा असतो, मग गुलाबी होतो, आणि ऑक्सिजन पुरता गेला की बिनरंगी. बाटल्या भरताना एका बाटलीच्या मानेशी, रबरी बुचाच्या खाली, पातळ गुलाबी कडी दिसली. खालचं सगळं द्रव नितळ, वर नखाएवढ्या उंचीचा गुलाबी पट्टा. सुई काढताना बुचाच्या कडेनं हवा शिरली होती. ती बाटली बाजूला काढली. गाळ घातल्यावर रंग नीट दिसत नाही, त्यामुळे जे पाहायचं ते आधीच पाहून घ्यावं लागतं.

तापमानाचा प्रश्न आमच्या भागात विचित्र आहे. मे महिन्यात खोलीच ३५ च्या वर असते आणि बाटल्या थंड ठेवाव्या लागल्या असत्या. आम्ही प्रयोग थंडीत लावला, तेव्हा पहाटे खोलीत बोटं गारठत. एका कोंबडीपालकानं अंडी उबवायचं यंत्र दिलं. ते अंड्यांसाठी साडेसदतीसच्या आसपास लावलेलं असतं, आम्ही ३५ वर आणलं. अंधार आतच असतो. लाईट जाण्यावर उपाय म्हणून इन्व्हर्टर, आणि तोही उतरला तर ऊब टिकावी म्हणून बाटल्यांभोवती पाण्याचे डबे. पाणी लवकर थंड होत नाही.

बाटल्यांचे गट असे. काहींत नुसता गाळ, कारण त्याचा वायू प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. काहींत सोडियम बेंझोएट, सरबत टिकवायला वापरतात तेच. हे जीवाणूंनी खाल्लंच पाहिजे, ६० टक्क्यांच्या वर गेलंच पाहिजे, नाहीतर गाळ मेलेला आहे आणि बाकीचे आकडे फेकून द्यायचे. मग उदासीन केलेली ॲसिड स्लरी, एसएलईएस, खोबरेल तेलाचा घरगुती साबण आणि रिठ्याचं पाणी. आणि एक गट बेंझोएट अधिक एलएएसचा. तो का, ते पुढे येईल.

मात्रा ठरवताना नागपूरच्या एका निवृत्त सरांनी फोनवर बजावलं होतं की एलएएस मिथेनवाल्या जीवाणूंना झोंबतं, आधी छोट्या बाटल्यांत चाचपून घ्या. चाचपल्यावर दिसलं की लिटरमागे १०० मिलिग्रॅम कार्बनला बेंझोएटचाही वायू मंदावतो. २० ला तो जसाच्या तसा येतो. म्हणून २०. आकडा लहान असला की मोजमाप अवघड होतं, पण जीवाणूंना गुदमरवून 'खाल्लं नाही' म्हणणं बरोबर नाही.

वाचन आठवड्याला एकदा. सुई लावलेलं डिजिटल दाबमापक रबरी बुचातून आत घालायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा. पहिल्या आठवड्यात बेंझोएट आणि रिठा सोडून सगळीकडे नुसत्या गाळाइतकाच दाब. मग खोबरेल साबणाच्या बाटल्या उठल्या. त्यात आश्चर्य नाही. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचा क्षार, आणि जीवाणू त्याची साखळी दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत खातात, त्याला ऑक्सिजन लागत नाही. एक गट तुकडे पाडून ॲसिटेट आणि हायड्रोजन करतो, दुसरा गट त्यांचा मिथेन करतो. दुसऱ्यानं हायड्रोजन उचलला नाही तर पहिल्याचं कामच थांबतं. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

एसएलईएस हळू निघालं, पण निघालं. त्यातला सल्फेट गट पाण्याच्या साहाय्यानं तुटू शकतो, मधल्या इथर कड्याही ऑक्सिजनशिवाय तोडणारे जीवाणू आहेत. एकदा सुटं झालं की उरतं ते स्निग्ध अल्कोहोल, आणि पुढची वाट साबणाचीच.

एलएएसच्या बाटल्या मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या गाळाच्या रेषेला चिकटून राहिल्या. बेंझोएट अधिक एलएएसचा गट इथे कामाला आला. त्यात बेंझोएटचा वायू पूर्ण आला, म्हणजे जीवाणू जिवंत होते, भुकेले होते, शेजारचं खाद्य खात होते. एलएएसला मात्र शिवले नाहीत. कारण माहितीचं आहे. एलएएसच्या साखळीवर जीवाणू टोकाकडून हल्ला करतात आणि त्या पहिल्या घावासाठी त्यांना ऑक्सिजनचा रेणू लागतो. तो घाव बसला की पुढे अडत नाही. तो रेणूच नसेल तर सगळी साखळी शाबूत राहते. पुस्तकात हे एका ओळीत वाचलेलं असतं. आठवड्यामागून आठवडे तोच सपाट आकडा स्वतःच्या वहीत लिहिताना ते वेगळंच कळतं.

रिठ्यानं सर्वांत आधी आणि भरपूर वायू दिला. गटातल्या बायकांना याचा आनंद झाला आणि त्यांना आवरणं मला अवघड गेलं. रिठ्याच्या गरात साखर पुष्कळ असते. फेस करणाऱ्या सॅपोनिनलाही साखरेचे रेणू जोडलेले असतात आणि ते सहज सुटतात. मधला सांगाडा टणक आहे. त्यामुळे आलेला वायू सॅपोनिनचा किती आणि साखरेचा किती, हे आमच्या दाबमापकाला कळत नाही. कच्चा पदार्थ घालून आलेल्या आकड्यावर 'रिठा पूर्ण विघटित होतो' असं कुणी लिहू नये. रिठा वाईट आहे असं यातून निघत नाही. आमच्या चाचणीनं त्याचं उत्तर दिलेलं नाही, एवढंच.

मुदत संपल्यावर लगेच निकाल काढता येत नाही. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा बायकार्बोनेट होऊन द्रवातच राहतो, दाबात दिसत नाही. मोठ्या प्रयोगशाळा तो यंत्रानं मोजतात. आम्ही बुचातून आम्ल टोचलं, बाटली हलवली, सुटलेल्या वायूचा दाब पुन्हा मोजला. नुसत्या गाळाच्या बाटल्यांनाही हेच केलं आणि वजा केलं. हे मिळवल्यावर बेंझोएट, साबण आणि एसएलईएस ६० टक्क्यांची रेषा ओलांडून गेले. एलएएस शून्याच्या आसपासच राहिलं.

तरीही मला आणखी एक पुरावा हवा होता, वायूवर न विसंबणारा. पाण्यातलं ऋणभारित डिटर्जंट मोजायला मेथिलिन ब्लूची पद्धत आहे, पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५०० हे २०१२ सालचं, तीच धरतं. त्यात स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. निळा रंग एकटा क्लोरोफॉर्ममध्ये जात नाही, डिटर्जंटच्या रेणूशी जोडी झाली तरच जातो. एलएएस गाळाला चिकटतं, म्हणून गाळ मेथॅनॉलनं धुऊन तो अंशही मिळवला. विभाजक नरसाळ्यात हलवून ठेवलं. एसएलईएसच्या बाटलीचा खालचा, क्लोरोफॉर्मचा थर जेमतेम निळसर. एलएएसचा गर्द निळा, नरसाळ्याच्या तोटीपर्यंत एकसारखा. दोन महिने जीवाणूंच्या संगतीत राहून ते जसंच्या तसं बाहेर आलं होतं.

इथे कुणी एलएएसला खलनायक ठरवू नये, कारण त्याचा इतिहास उलटा आहे. त्याच्या आधी फांद्या फुटलेल्या साखळीची डिटर्जंटं होती, ती हवेतही नीट विघटित होत नसत. १९५०-६० च्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग जमत. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला आणि त्या दशकाच्या मध्यावर उद्योग सरळ साखळीच्या एलएएसकडे वळला. ते एक मोठं पाऊल होतं. बंद टाकीत ते टिकतं म्हणून पचलेल्या मैल्याच्या गाळात किलोमागे ग्रॅममध्ये सापडतं, आणि शेतात टाकायच्या गाळासाठी डेन्मार्कनं किलोमागे १३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. दुसरीकडे युरोपीय आयोगाच्या २००९ सालच्या अहवालानं म्हटलं की ऑक्सिजनशिवाय विघटन होत नाही एवढ्यावरून पदार्थ धोकादायक ठरत नाही, कारण असा गाळ शेतात पसरला की हवा मिळते आणि काही आठवड्यांत एलएएस निम्म्याखाली येतं.

हे आम्ही कुंड्यांत करून पाहिलं. एलएएसच्या बाटल्यांतला गाळ, आम्ल उदासीन करून, काळ्या मातीत मिसळला, माती ओलसर आणि भुसभुशीत ठेवली, आणि अधूनमधून थोडी काढून मेथिलिन ब्लूनं तपासली. निळा थर प्रत्येक खेपेला फिका होत गेला. तीच रेणूसाखळी, फरक हवेचा. शेजारच्या एका कुंडीत पाणी तुंबवून ठेवलं होतं, तिथे निळा फारसा उतरला नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पाणी किती दिवस उभं राहतं हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. युरोपच्या अहवालातलं 'शेतात हवा मिळते' हे वाक्य आमच्याकडे उन्हाळ्यात खरं आहे, ऑगस्टमध्ये तितकंसं नाही.

गटाच्या बैठकीत हे सगळं मांडलं. बायकांनी चांगले प्रश्न विचारले. पहिला खर्चाचा. ॲसिड स्लरी स्वस्त पडते आणि तेलकट कढई तीच नीट काढते, ती पूर्ण बंद केली तर बाजारात टिकता येणार नाही. दुसरा पावडरचा, पावडरमधला सोडा आणि मीठ विघटित होतं का? मी सांगितलं, क्षार विघटित होत नाहीत, आणि त्यातलं सोडियम काळ्या मातीला चिकट आणि घट्ट करतं. तो वेगळा प्रश्न आहे आणि गंभीर आहे. शेवटी गटानं दोन माल ठरवले. नेहमीचं लिक्विड तसंच, पण त्यावर पाण्याचा कुठलाही दावा नाही. गोबरगॅसवाल्या घरांसाठी ॲसिड स्लरी न घालता, एसएलईएस आणि खोबरेल साबणाचं वेगळं, थोडं महाग. आणि सगळ्यांना तोंडी सांगायचं की धुण्याचं पाणी गॅसच्या टाकीत सोडू नका. टाकीत एलएएस जमत गेलं तर मिथेनवालेच मंदावतात, ते आम्ही छोट्या बाटल्यांत पाहिलंच आहे. काकाजींनी गोठ्याच्या नालीला लगेच वेगळा उतार काढून घेतला.

आता दुसऱ्या फेरीच्या बाटल्या लावल्या आहेत. या वेळी गाळ गोबरगॅसचा नाही, गावातल्या नालीचा घेतला आहे, आणि बाटल्या उबवणी यंत्राबाहेर, साध्या कपाटात ठेवल्या आहेत, कारण नालीला कुणी ३५ अंश देत नाही. खोबरेल साबणाच्या काही बाटल्यांत विहिरीचं कठीण पाणी वापरलं आहे. त्यात साबणाचा कॅल्शियमबरोबर पांढरा साका होतो, आणि तो साका जीवाणू किती सावकाश खातात हे मोजायचं आहे. नालीच्या गाळाला उपाशी ठेवायला शेणाच्या स्लरीहून कमी वेळ लागला, त्यात चारा नसतो.